कोंबड्यास्नी कोण बघंल?

तानीबाईला बेळगावला न्यायला तिच्या लेकाची गाडी कोगनोळीत जितक्या वेळा आली, तितक्या वेळा ती रिकामीच परत गेली. अगदी रिकामी म्हणायची सोय नाही. डिकीत शेवग्याच्या शेंगा असायच्या, शाळूचं पीठ असायचं, भुशात पुरून ठेवलेली अंडी असायची. माणूस तेवढं नसायचं. दीपंकर बँकेत साहेब. दिवसभर लोकांच्या सबबी ऐकायच्या आणि खरी कुठली, खोटी कुठली ते ओळखायचं, याचाच त्याला पगार मिळतो. पण आईची एक सबब काही त्याला मोडता आली नाही.

"मी येते रं, पर कोंबड्यास्नी कोण बघंल?"

शेजारणीवर सोपव म्हटलं तर ती म्हणायची, शेजारीण आधी स्वतःच्या कोंबड्यांना दाणे टाकंल का माझ्या? विकून टाक म्हटलं तर दोन दिवस फोन उचलायची नाही. शेवटी दीपंकर हसायचा, अंड्यांची पिशवी मांडीवर घ्यावी तशी जपून डिकीत ठेवायचा आणि निघून जायचा. त्याचं हसू दरवेळी जरा कमी होत चाललं होतं, हे तिला दिसत नव्हतं असं नाही.

कोंबड्या हा काही तिचा जन्माचा छंद नव्हता. तिचा जन्म गेला तंबाखूत. आधी निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला, मग घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला. नवरा कृष्णात वखारीत हमाली करायचा. दोघांनी मिळून पोरगं शिकवलं, दोन खोल्या पक्क्या विटांच्या बांधल्या, आणि घरावर कौलं चढली त्याच्यानंतरच्या चौथ्या वर्षी कृष्णात गेला. दीपंकर तेव्हा तिला बेळगावला घेऊन गेला होता. चौथ्या मजल्यावर घर, वर जायला लिफ्ट, नळाला गरम पाणी. तिथं तिला कुणी दुखावलं असतं तर बरं झालं असतं. भांडून परत यायला कारण तरी मिळालं असतं. पण सून सुविधा गुणाची. नात पारमिता तर आज्जी आज्जी करत पाठ सोडायची नाही. तानीबाई सवयीनं पहाटे उठायची आणि घर जागं व्हायची वाट बघत पलंगावर बसून राहायची. भांडी घासायला बाई यायची. हिनं बादलीला हात लावला की सुविधा हळूच ती काढून घ्यायची आणि म्हणायची, "आई, तुम्ही बसा आता." जिनं आयुष्यभर बसूनच काम केलं, तिला नुसतं कसं बसायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. लेकानं सगळं दिलं आणि आपल्याला ते सोसवत नाही, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून ती म्हणाली, घरी कोंबड्या हायत, आणि परत आली.

ती सबब तेव्हा सपशेल खोटी होती. घरी एकच कोंबडी होती, ठिपक्याठिपक्यांची कवडी, आणि तीही शेजारच्या अंबुबाईच्या परसात नांदत होती. पण तानीबाई खोटं बोलून स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हे. तिनं कवडीला अंड्यांवर खुडूक बसवली आणि वर्षभरात सबब खरी करून दाखवली. तांबडी झाली, काळी झाली, उलट्या पिसांची झिपरी झाली, मानेवर एक पीस नसलेली नागमानी झाली. एक कोंबडा झाला. त्याचं नाव तिनं पाटील ठेवलं, कारण काडीचं काम न करता तो खायला सगळ्यांच्या पुढं असायचा. अंबुबाईच्या सासरचं आडनाव पाटीलच, पण त्या नावाला गल्लीत सगळ्यात जास्त हसली ती अंबुबाई. दोघींची ओळख जुनी. तरुणपणी तानीबाई अंबुबाईच्याच रानात तंबाखूचे शेंडे खुडायला जायची. तेव्हा पाणी वरून ओंजळीत ओतणारी अंबुबाई आता तानीबाईच्या घरात येऊन चहा पिते, आणि साखर कमी म्हणून नावंही ठेवते.

थंडीत तानीबाईचा दिवस कोंबड्यांनीच सुरू व्हायचा. हायवेवरून ट्रकांचे भोंगे यायचे, धुक्यात पलीकडचं घर दिसायचं नाही, आणि ही कानाला फडकं बांधून खुराड्याची फळी सरकवायची. पाटील आधी बाहेर. मग बाकीच्या. काल रात्रीची भाकरी कोमट पाण्यात कुस्करून ठेवलेली असायची. तंबाखूच्या वाळक्या काटक्यांची शेकोटी पेटवून ती अंग शेकायची, आणि कवडी येऊन तिच्या पावलाशी बसायची. त्या वेळी तिला कुणी विचारलं असतं, की बाई तू एकटी आहेस का, तर तिला प्रश्नच कळला नसता.

सहा डिसेंबरनंतरच्या रविवारी दीपंकर आला, आणि त्यानं डिकीतून भोकं पाडलेलं एक खोकं काढलं. आत दोन तलंगा होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या, तपकिरी, देखण्या. वाटेत कुठल्याशा बाजारात थांबून त्यानं त्या घेतल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यानं कोंबडी विकत घेतली होती.

"आई, मी लई विचार केला," तो म्हणाला. "तुझा जीव हितंच रमतो. तू हितंच राहा. मी आता परत चल म्हणणार न्हाय. ह्या घे, वाढव तुझं खटलं."

तानीबाईनं खोकं उचललं आणि घरात गेली, कारण डोळे पुसायचे होते. लेकानं हरल्यासारखं नव्हे, कौतुकानं म्हटलं होतं. इतक्या वर्षांची ओढाताण संपली होती. आपलं घर आता आपलं, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि असं वाटणं हीच तिच्या आयुष्यातली शेवटची चैन ठरली.

तलंगांपैकी एक जरा मलूल होती. पिसं फुलवून, डोळे मिटून बसत होती. तानीबाईला ते दिसलं. कोंबडीवाल्या बाईला ते दिसणारच. दुसऱ्या कुणी आणली असती तर तिनं ती वेगळ्या डालग्याखाली झाकली असती, आठवडाभर इतरांत मिसळू दिली नसती. बाजारात येणारी कोंबडी का येते, हे तिला ठाऊक होतं. एखाद्या गावात मर लागली की लोक उरल्यासुरल्या घाईनं बाजारात आणून विकतात. पण दीपंकर समोर कट्ट्यावर चहा पीत बसला होता. त्यानं एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू त्याच्याच डोळ्यांदेखत बाजूला सारायची? गाडी लागली असंल बिचारीला, असं तिनं मनाशी ठरवलं.

"आपल्यातल्या घेतील का गं यांना?" त्यानं विचारलं.

"दिवसाउजेडी सोडल्या तर टोचून मारतील. तू बघ गंमत," ती म्हणाली.

ही गंमत तिला तिच्या सासूनं शिकवलेली. नवी कोंबडी दिवेलागणीला, जुन्या खुराड्यात शिरल्या आणि त्यांना दिसेनासं झालं, की अलगद त्यांच्या मधोमध सरकवायची. रात्रभर अंगाला अंग लागतं, वासाला वास मिळतो, आणि सकाळी सगळ्या एकाच घरच्या होऊन बाहेर पडतात. तिनं दोन्ही तलंगा कवडीच्या आणि काळीच्या मधे सारल्या, फळी लावली. दीपंकरनं मोबाईलवर फोटो काढला, सुविधाला पाठवला. रोगाला याहून चांगली सोय कुणी करून दिली नसती.

दोनतीन दिवसांत मलूल तलंग गेली. मग दुसरी. तोवर काळीनं दाण्याला तोंड लावणं सोडलं होतं. शेण पडावं तशी हिरवी पातळ शीट, तोंडाला लाळ, श्वास घेताना घर्र घर्र आवाज. तानीबाईनं हळद लसूण वाटून गोळ्या केल्या, चोच उघडून भरवल्या. खुराड्याला गोणपाट बांधलं. नाचणीची आंबील थेंब थेंब करून पाजली. काळी एका सकाळी फळी सरकवली तरी बाहेर आलीच नाही. झिपरीची मान वळून पाठीवर गेली, आणि ती गोल गोल फिरत राहिली. तेव्हा तानीबाईला कळलं. ही थंडी नव्हती. ही मानमोडी होती.

तिनं नागमानीला पिशवीत घातलं आणि एसटीनं निपाणीला जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होता, कन्नड वळणाचं मराठी बोलायचा, आणि माणूस चांगला होता. त्यानं पिशवीत बघितलं आणि मान हलवली.

"आज्जी, ह्याला औषध नाही बघा. लस असती, पण ती आधी द्यायची. बाटली शंभर कोंबड्यांची येती, फोडली की लगेच संपवावी लागती. तुमची गल्ली मिळून आली असती तर मी स्वतः आलो असतो." मग त्यानं विचारलं, "नवीन कोंबडी आणलीता काय कुठनं?"

"न्हाय," तानीबाई म्हणाली.

आपल्या लेकाचं नाव या माणसापुढं कशाला, एवढंच तिच्या मनात आलं. डॉक्टरनं ते लिहून घेतलं नाही की पुढं विचारलं नाही. मेलेल्या खोल पुरा, चुना टाका, दुसऱ्यांच्या कोंबड्यांत जाऊ नका, असं सांगून तो शेवटी म्हणाला, "आणि आता तीन-चार महिने एकपण कोंबडी अंगणात आणू नका. रोग मातीत बसलाय. आणाल ती मरणार."

परतीच्या एसटीत नागमानी पिशवीतच गेली. तानीबाई पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. तीन-चार महिने. कोंबडी नाही तर ती कोगनोळीत का राहते? हा प्रश्न लेक विचारणार नव्हता, त्यानं शब्द दिला होता. पण त्याचा शब्द कोंबड्यांवर उभा होता. एकटी म्हातारी, रिकामं अंगण, थंडीचे दिवस. अशा आईला सोडून कुठला भला मुलगा गाडीत बसून निघून जाईल? आणि दीपंकर भला होता, हीच तर अडचण होती.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, माझ्या तलंगा कशा हायत?"

"बऱ्या हायत," ती म्हणाली. "खात्यात, पित्यात. अंड्याला येतील आता."

तो खूश झाला. पुढं रोज विचारायचा आणि रोज ती सांगायची. एकदा तर तिनं एका तलंगेनं पाटलाला कसं हुसकावलं तेही सांगितलं. पाटील त्या दिवशी दुपारी मेला होता. त्याच्या तुऱ्याचा रंग जांभळा झाला होता आणि शेवटपर्यंत तो उभं राहायचा प्रयत्न करत होता.

अंबुबाई कुंपणाबाहेरूनच बोलायची. "तानाक्का, माझं ऐक. एक नारळ आन् लिंबू मरीआईला शिवंवर ठिवून ये. तू नगं जाऊस वाटल्यास, मी ठिवते तुझ्या नावानं."

"माझ्या सासऱ्यानं देव नदीत सोडल्यात, अंबाक्का. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तोंड काय बघतीया देवी? तिला नारळ पायजे."

तानीबाई हसली, पण तिला अंबुबाईचा हेवा वाटला. हिच्याकडं घासाघीस करायला कुणीतरी होतं. त्या संध्याकाळी ती समाजमंदिरात गेली, मेणबत्ती लावली, बुद्धाच्या मूर्तीपुढं बसली. वंदना म्हटली, पंचशील म्हटलं. मग नुसती बसून राहिली. इथं मागायचं नसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दुःख आहे, एवढं तर त्यानं आधीच सांगून ठेवलेलं. कवडी वाचू दे, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, पण ते कुणाला म्हणायचं हे कळेना, म्हणून ती उठून घरी आली.

तांबडीही गेली. उरली कवडी. तिला तिनं घरात आणली, चुलीशेजारी गोणपाटावर ठेवली. कवडीचे पाय गेले होते, मान थरथरत होती, पण नजर शाबूत होती. तानीबाई भाकरी थापता थापता तिच्याशी बोलायची. "तू तर माझं पयलं खोटं सांभाळलंस. एवढं एक सांभाळ." आंबिलीतलं बोट तिच्या चोचीला लावायची. दोन दिवस कवडीनं बोट चाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिची मान हळूहळू वळत पाठीकडं गेली, आणि तानीबाईनं ती दोन्ही हातांनी सरळ करून धरली, सोडली की पुन्हा वळायची, पुन्हा धरली. असं तिनं किती वेळ केलं तिलाच माहीत नाही. हातातली मान गार झाली तरी ती धरूनच होती. कृष्णात गेला तेव्हा घरभर माणसं होती. या वेळी रडायला ती एकटीच होती, म्हणून पोटभर रडली.

शनिवारी फोन आला. "आई, उद्या येतोय. पारमिताला व्हिडिओ पायजे तुझ्या कोंबड्यांचा."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तानीबाईला ती काडी रविवारी सकाळी सुचली. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून ती अंबुबाईच्या दारात गेली. आत गेली नाही, फाटकाबाहेरच थांबली.

"अंबाक्का, दोन कोंबड्या दे. सांजपत्तोर. पोरगं येऊन गेलं की आणून देते."

अंबुबाईनं कारण विचारलं नाही. तिला सगळं माहीत होतं. तिनं तिच्या सगळ्यात चांगल्या दोन कोंबड्या धरल्या आणि फाटकावरून हिच्या काखेत दिल्या. "ने. चार दिवस ठेव. मला काय घाई न्हाय."

कोंबड्या गरम होत्या. एकीचं काळीज तळहाताखाली भराभर उडत होतं. कितीतरी दिवसांनी धडधाकट जीव हातात आला होता, आणि तानीबाईची पावलं आपसूक भरभर पडत होती. घर आलं. अंगणाची कड आली. चुना टाकलेली पांढरी माती दिसली, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. दीपंकर येईल, बघेल, हसेल, व्हिडिओ काढेल, जाईल. तिचं घर वाचेल. आणि पुढच्या आठवड्यात अंबुबाईच्या खुराड्यात या दोघींच्या माना वळतील, मग बाकीच्यांच्या. ज्या बाईनं काही न विचारता उत्तम होतं ते दिलं, तिच्या दारात आपण हे नेऊन सोडणार. पाऊल टाकलं तर सगळं सोपं होतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. तिला ते पाऊल टाकायचं होतं, हे खोटं कशाला सांगा.

ती परत गेली.

"काय गं?" अंबुबाई म्हणाली.

"माझं अंगण मारंल त्यास्नी. चार दिवस येगळ्या झाक ह्यास्नी, माझ्या अंगाला लागल्यात." अंबुबाईनं कोंबड्या घेतल्या आणि डालग्याखाली झाकल्या.

दीपंकर आला तो अंगणातच थबकला. खुराड्याची फळी उघडी होती.

"आई, कोंबड्या कुठं हायत?"

"मेल्या रं. मर आलती."

"सगळ्या? अगं, परवा तर म्हणालीस..." तो कट्ट्यावर बसला. त्याचा चेहरा उतरला. आईचा हात त्यानं हातात घेतला. मग म्हणाला, "गावात सगळ्यांच्याच गेल्या?"

ती व्हय म्हणणार तेवढ्यात अंबुबाईच्या परसातून कोंबडा आरवला. दीपंकरनं तिकडं बघितलं. मग खुराड्याकडं बघितलं. बँकेतला माणूस. एकेक गोष्ट जुळवत जायची त्याला सवयच.

"मग आपल्यातच कशी आली?" तो हळू म्हणाला. "आई, मी आणलेल्या दोन... त्या कधी मेल्या?"

तानीबाईनं त्याच्याकडं बघितलं. लहानपणी एकदा दिवसभर वळलेल्या विड्यांवर त्याच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला होता, तेव्हा त्याचं तोंड असंच झालं होतं. आता उत्तर त्याच्या अगदी जवळ येऊन पोहोचलं होतं. अजून एक प्रश्न, आणि त्याला ते सापडलं असतं, आणि जन्मभर त्यानं ते उराशी धरलं असतं.

"त्या शेवटाला," ती म्हणाली. "त्याच लई टिकल्या. दणकट व्हत्या."

"खरंच?"

"व्हय तर. आन् बरं झालं एका परीनं. मला बी कट्टाळा आलता बघ. थंडीचं उठायचं, घाण काढायची, वय काय ऱ्हायलंय आता." ती उठली, पदर खोचला. "चल, येते मी बेळगावला."

दीपंकरच्या मनात जुळत आलेलं तिथंच सुटलं. "आज?"

"आजच. नायतर परत मन व्हायचं न्हाय."

त्याला इतका आनंद झाला की लपवता येईना. त्यानं तिला पिशवीसुद्धा भरू दिली नाही. लुगडी, कृष्णातचा फोटो, औषधं, सगळं स्वतःच भरलं आणि गाडीत नेऊन ठेवलं. मग फोन लावून अंगणात फेऱ्या मारत मोठ्यानं बोलू लागला.

"सुविधा, आई येतीय. कायमची. न्हाय गं, मी एक शब्द बोललो न्हाय. आपणहून म्हणाली."

तानीबाई दाराला कुलूप घालत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. कुलूप जुनं होतं, किल्ली फिरायला वेळ लागला, आणि तोवर तो तेच पुन्हा सांगत होता, की आई आपणहून म्हणाली.